‘आप जैसा कोई’ स्टेजवर पडतं ते का? (नाझिया हसन, बिद्दू आणि डिस्कोचे दिवस)

तबकडीदास

गणपती जवळ आले की मंडळांच्या ऑर्केस्ट्राच्या याद्या निघतात आणि त्यात ‘आप जैसा कोई’ असतंच असतं. चाल सोपी, आवाका जेमतेम, एकही तान नाही. तरी हे गाणं स्टेजवर हमखास पडतं. गाणारी सुरात असते, वादक तयारीचे असतात, पण ऐकताना वाटतं की गाण्याला कुणीतरी नऊवारी नेसवून उभं केलंय.

नव्या मंडळींसाठी थोडी उजळणी. ‘कुर्बानी’ जून १९८० चा. बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एकच गाणं लंडनच्या बिद्दू या संगीतकाराचं. गायिका नाझिया हसन, जन्म ३ एप्रिल १९६५, कराचीचा. म्हणजे चित्रपट लागला तेव्हा नुकतीच पंधरा पूर्ण. या गाण्यासाठी तिला फिल्मफेअरचा पार्श्वगायिकेचा पुरस्कार मिळाला. मग भाऊ झोहेबबरोबर १९८१ मध्ये ‘डिस्को दीवाने’, १९८२ मध्ये ‘स्टार’ची गाणी, १९८४ ‘यंग तरंग’, १९८७ ‘हॉटलाइन’, १९९२ ‘कॅमेरा कॅमेरा’. तिथे थांबली. १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली, पस्तिसाव्या वर्षी.

माझे प्रश्न दोन. हे गाणं स्टेजवर नेमकं कुठे बिघडतं? आणि नाझिया ही डिस्कोच्या लाटेवर वर आलेली आणि लाटेबरोबर खाली गेलेली गायिका होती, की आणखी काही? माझं मत आहे, पण आधी तुमचं येऊ द्या.

ढोलताशा

बिघडतं ते गाणारीच्या मागे बसलेल्या ढोलकीवाल्यामुळे. (मी ढोलकी वाजवतो. दिवे घ्या.)

खर्ज

ढोलकी नंतर. आधी आवाज.

हे गाणं लंडनला २४ ट्रॅकवर मुद्रित झालं. मुंबईत तेव्हा बहुतेक वेळा गायक आणि वादक एकाच वेळी, एका दमात वाजवत-गात. तिथे ताल, बेस, गिटार आधी घेऊन मग त्यावर गळा चढवला. आणि गळाही एकच नाही. तिने तीच ओळ पुन्हा गाऊन पहिल्यावर दुसरी चढवलेली आहे. त्या आवाजाला जी चकाकी वाटते ती इथली. दोन वेळा गाताना सूर केसभर इकडेतिकडे होतो, शब्द काही मिलिसेकंद पुढेमागे पडतात, आणि कान त्याला एकच पण रुंद आवाज समजतो.

स्टेजवर एकच माइक, एकच गळा. मग साउंडवाला काय करतो? एको वाढवतो. इथेच माती होते. एकोमुळे आवाज लांब जातो, रुंद होत नाही.

करायचं असेल तर असं करा: डिले (आवाजाची किंचित उशिरा येणारी प्रत) २५ ते ३५ मिलिसेकंद, पुनरावृत्ती एकच, म्हणजे फीडबॅक शून्य, पातळी मूळ आवाजापेक्षा साधारण ६ डेसिबल खाली. १५ मिलिसेकंदांच्या खाली गेलात तर आवाज पाइपातून आल्यासारखा पोकळ होतो, कारण दोन लहरी एकमेकींना काही ठिकाणी खातात. ५० च्या वर गेलात तर सरळ दोनदा ऐकू येतं आणि शब्द गढूळ होतात. मिक्सरवरच्या ‘हॉल’ किंवा ‘कॅथीड्रल’ला हात लावू नका. मांडवात आधीच पत्र्याचा एको असतो.

सासवडकर

बाकी सगळं बिनमहत्त्वाचं आहे. ‘बात बन जाए’च्या जागी मागून पोरं ‘बाप बन जाए’ ओरडतात, तिथे गायिका हसते आणि गाणं संपतं. १९८० पासून यावर उपाय सापडलेला नाही.

रोखठोक

मला या गाण्याचं कौतुक समजत नाही. मूळ श्रेय बिद्दूचं. बंगळूरचा हा माणूस लंडनला जाऊन १९७४ मध्ये ‘कुंग फू फायटिंग’ करतो, ते ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर जातं. १९७६ मध्ये टीना चार्ल्सकडून ‘आय लव्ह टु लव्ह’ गाऊन घेतो, तेही ब्रिटनमध्ये पहिलं. साचा तयार होता. त्यात कुठलीही मुलगी ओतली असती तरी चाललं असतं. पंधरा वर्षांच्या मुलीला गाणं काय कळतं?

मध्यसप्तक

रोखठोक, साच्याबद्दल सहमत, ‘कुठलीही मुलगी’बद्दल नाही.

बिद्दूचा साचा टीना चार्ल्सच्या भरघोस आवाजावर बेतलेला होता. ती जोर लावून गाते. नाझिया जोर लावतच नाही. पातळ, थोडा नाकातला, जवळून बोलल्यासारखा आवाज. सूर सरळ, शेवटी कंप नाही. आपल्याकडे ज्याला कच्चा गळा म्हणतात तो. पण ऐका, ती अक्षर ठोक्यावर ठेवते आणि सोडून देते. आपल्या तयारीच्या गायिका सूर पकडला की सोडत नाहीत, ‘आए’चा ‘ए’ लांबवतात, जाता जाता एक छोटी मुरकी टाकतात. ती मुरकी पडली की डिस्को संपला, भावगीत सुरू.

शिवाय ती अगदीच नवखी नव्हती. कराचीला पाकिस्तान टेलिव्हिजनवर सोहेल राणांच्या मुलांच्या कार्यक्रमात लहानपणी गायलेली आहे. कॅमेरा आणि माइक यांची भीती आधीच मोडलेली.

स्टेजसाठी चार गोष्टी सांगते.

माइक ओठांपासून चार बोटांवर. त्याहून लांब धरला तर गायिका आपोआप जोर लावते. इतक्या जवळ आवाजाचा खर्ज फुगतो, म्हणून चॅनलचा लो कट (खालचे सूर कापणारं बटण) १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास चालू ठेवा.

‘बात बन जाए’मध्ये दोन ‘ब’ पाठोपाठ आहेत. सरळ माइकमध्ये गायलात तर दोन्हीला धप्प धप्प होतं. माइक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूने तिरका धरा, ‘ब’ची हवा माइकच्या शेजारून निघून जाते. ‘आप’च्या ‘प’लाही हाच उपाय.

पट्टी चढवू नका. बऱ्याच जणी गाणं ‘उठावं’ म्हणून अर्धी-एक पट्टी वर घेतात. आवाज ताणला की तो आळस जातो, आणि या गाण्याचं सगळं सोनं त्या आळसात आहे.

श्वास ऐकू आला तर येऊ द्या.

खर्ज

मध्यसप्तक, ‘प’ आणि ‘ब’चं अगदी बरोबर. स्पंजची टोपी घातली की काम झालं असं लोकांना वाटतं. स्पंज थोडं थांबवतो, कोन जास्त थांबवतो.

ढोलताशा

सगळे गळ्याकडे गेलेत. तालाकडे या राव.

चौथाठोका

आलो.

डिस्कोचा ताल कागदावर बालवाडीचा. चारही मात्रांवर बास ड्रम, दोन आणि चारवर स्नेअर किंवा टाळी, आणि मधल्या अर्ध्यांवर उघडा हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी). तोंडाने म्हणा: धप्-त्सी-धप्-त्सी-धप्-त्सी-धप्-त्सी. ‘त्सी’ पुढचा ‘धप्’ पडायच्या क्षणी बंद झाली पाहिजे. डावा पाय त्या क्षणी खाली. पाय आळसला आणि ‘त्सी’ पुढच्या ठोक्यावर सांडली की सगळा ताल ओला होतो. दहापैकी आठ ठिकाणी बिघडतं ते इथे. कारण सोपं आहे. ऑर्केस्ट्रात बऱ्याचदा उभ्याने ऑक्टोपॅडवर (आठ पॅडच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर) दोन काठ्यांनी वाजवतात, हायहॅटला पेडलच नसतं. मग ‘त्सी’ किती लांब ठेवायची ते वादकाच्या हातात राहत नाही. पॅडमध्ये उघड्या हायहॅटचा डीके (आवाज विरायला लागणारा वेळ) कमी करा, म्हणजे निदान सांडणार तरी नाही. उघडा आणि बंद हायहॅट एकाच चोक गटात (एक वाजला की दुसरा आपोआप बंद) टाकता आले तर उत्तम.

(कुर्बानीच्या काळी ऑक्टोपॅड नव्हताच. रोलँडचा पहिला १९८५ चा.)

आता ढोलकी. ढोलताशा, राग मानू नका. केहरवा आठ मात्रांचा आहे, गणितात बसतो. पण हातात झोल असतो. दुसरा अर्धा भाग किंचित उशिरा पडतो, त्यानेच ढोलकी डुलते. डिस्को डुलत नाही, चालतो. दोन्ही एकत्र वाजले की एक ताल पुढे ओढतो, दुसरा मागे. ऐकणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पाय थांबतो.

ढोलताशा

राग नाही. पण ‘डुलत नाही, चालतो’ हे वाक्य लिहून ठेवतोय, कुणावर तरी वापरीन.

रोखठोक

चौथाठोका, मग बेस? आपल्याकडे कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवतो आणि नुसती गुरगुर ऐकू येते.

चौथाठोका

डिस्कोच्या बेसची खूण म्हणजे खालचा सूर, लगेच त्याचाच वरच्या सप्तकातला, पुन्हा खालचा, असं अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर. कीबोर्डवर अंगठा आणि करंगळी. गुरगुर होते कारण आवाज सोडायला उशीर होतो. सूर दाबून ठेवायचा नाही, टोचायचा. दुसरं म्हणजे बास ड्रम आणि बेस दोघेही एकाच खोलीत राहायला बघतात. मिक्सरवर ड्रमला ६० हर्ट्झच्या आसपास जागा द्या आणि बेसची तिथली पातळी थोडी कमी करून १०० च्या वर उचला. दोघेही एकदम स्पष्ट होतात.

गिटारवाला असेल तर त्याला पूर्ण कॉर्ड वाजवू देऊ नका. वरच्या तीन तारा, डाव्या हाताची बोटं ढिली, खर्र-खर्र, अधूनमधून दाब. आणि डिस्कोतला तो ‘प्यूंऽऽ’ हवा असेल (सिन्ड्रम नावाच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमचा, सत्तरच्या दशकातला) तर कीबोर्डवर साधा साइन आवाज घ्या, सुरुवात उंच आणि तिथून अर्ध्या सेकंदाच्या आत खाली घसरण. पूर्ण गाण्यात तीन-चार वेळा. दर ओळीला वाजवलात तर व्हिडिओ गेम पार्लर.

ठेका_ताई

या धाग्यावर अजून कुणी नाचाबद्दल बोललं नाही, हे पुरुष मंडळींचं वैशिष्ट्य.

डिस्को हे नुसतं ऐकायचं प्रकरण नव्हतं, पाय हलवायला म्हणूनच ते निघालं. मंडळाच्या मुलींना बसवायचं असेल तर आठ मात्रांचा पाया पुरतो.

१ उजवा पाय बाजूला. २ डावा त्याला चिकटवा. ३ उजवा पुन्हा बाजूला. ४ डावा नुसता टेकवा आणि टाळी. ५ ते ८ हेच डावीकडे.

चूक हमखास चारवर होते. ‘टेकवा’ म्हटलं तरी मुली वजन टाकतात. वजन डाव्यावर गेलं की पाचला तोच डावा उचलायचा असतो, तो उचलत नाही, मग एक अर्धी मात्रा जाते आणि अख्खी रांग वाकडी होते. तपासायची सोपी युक्ती: चारवर ‘थांबा’ म्हणा आणि डावा पाय हवेत उचलायला सांगा. जिला न डगमगता जमलं तिचं वजन बरोबर. चवड्यावर टेकवायला शिकवा, टाच खाली नको.

हात: एकला उजवं बोट तिरकं वर, कंबर डावीकडे. दोनला तेच बोट डाव्या मांडीकडे खाली. हात आणि कंबर एकाच बाजूला गेले की ट्रॅफिक हवालदार दिसतो. आणि खांदे वर चढवू नका, मान गायब होते.

वेग पकडण्यासाठी मूळ मुद्रण लावून १५ सेकंदांतले ठोके मोजा, चारने गुणा, तेवढा मेट्रोनोम लावून सराव. सरावात हळू आणि कार्यक्रमात उत्साहाने फास्ट, हे सगळीकडे होतं. आठ-दहा ठोके वाढले तरी टाळी आणि पाय जुळत नाहीत.

सासवडकर

ट्रॅफिक हवालदार!! आमच्याकडे विसर्जनाला हाच नाच चालतो.

पालवी

अवांतर आहे, पण नाचाचा विषय निघालाच म्हणून. त्याच ‘कुर्बानी’तलं ‘लैला ओ लैला’ कांचनने अमितकुमारबरोबर गायलं. कांचन म्हणजे बाबलाची पत्नी, बाबला म्हणजे कल्याणजी-आनंदजींचा धाकटा भाऊ. पुढे या जोडीने ‘डिस्को दांडिया’च्या तबकड्या काढल्या आणि नवरात्रात डिस्को थेट मैदानात उतरला. मुंबईत डिस्को घराघरात नेला तो नाइटक्लबने नाही, दांडियाने. गंमत अशी की चौथाठोका जे म्हणतात ते तिथे उलटं झालं. गरब्याच्या डुलणाऱ्या तालाखाली चारही मात्रांवर बास ड्रम टाकला आणि ते चाललं.

चौथाठोका

चाललं कारण बाबला स्वतः तालवादक. त्याने ढोल आणि ड्रम एकमेकांवर आपटू दिले नाहीत, ड्रमने जमीन धरली, ढोल वरच्या जागांत. भांडण तेव्हा होतं जेव्हा दोघेही जमीन धरायला जातात.

ढोलताशा

म्हणजे ढोलकीला जागा आहे!

चौथाठोका

दांडियात.

तबकडीदास

ठेका_ताईंनी मूळ मुद्रण लावून मोजायला सांगितलंय, म्हणून एक इशारा. कुठलं मूळ? जालावर फिरणाऱ्या जुन्या कॅसेटींच्या प्रतींचा वेग आणि पट्टी दोन्ही चुकलेली असू शकतात. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. डेकचा रबरी पट्टा सैल झाला की हळू, मोटर चुकीची जुळवली की जलद. वेगात सुमारे ६ टक्के फरक म्हणजे पूर्ण अर्धा स्वर. ३ टक्के म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी, ना काळीत ना पांढरीत. हार्मोनियम घेऊन बसलात आणि गाणं कुठल्याच पट्टीत बसत नसेल तर कान धरू नका, प्रत चुकीची आहे.

घरी कॅसेट वाजवायची असेल तर आधी फितीमागची वाटाण्याएवढी नमद्याची पट्टी बघा. जुन्या कॅसेटींत तिचा गोंद सुटतो, फीत हेडवर टेकत नाही, आवाज मंद आणि लांबून येतो. उघडून पुन्हा चिकटवता येते, स्क्रूवाली कॅसेट असेल तर. ‘त्सी’ ऐकूच येत नसेल तर हेडचा कोन चुकलाय: हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू पाव फेऱ्याने इकडेतिकडे करून जिथे सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येईल तिथे सोडा.

तबकडी असेल तर बुरशी. कोकणात आणि मुंबईत हमखास. डिस्टिल्ड वॉटर तीन भाग, आयसोप्रोपिल एक भाग, मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने, आडवं नाही. (७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला हे कधीही लावू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.) आणि सूटकेसवाल्या स्वस्त प्लेअरवर वाजवू नका. चांगल्या पिकअपची सुई दोन ग्रॅमच्या आसपास दाबाने चालते, त्या खेळण्याची दुप्पट-तिप्पट दाबते आणि आधी खाते ती वरचे बारीक आवाज, म्हणजे हायहॅट आणि तिच्या गळ्यातला श्वास.

मध्यसप्तक

वाचनखूण साठवली.

रोखठोक

ठीक, आवाजाचं मान्य केलं. पण दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकलं नाही. ती लाटेबरोबर खाली गेली, हेच खरं. १९८२ नंतर किती जणांना तिचं नवं गाणं आठवतं?

पालवी

रोखठोक, लाटेचं वेळापत्रक बघा. अमेरिकेत १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटात उडवला. तिथे ओहोटी लागली होती. ‘कुर्बानी’ त्यानंतर अकरा महिन्यांनी. म्हणजे तिची सुरुवातच, जगाच्या हिशोबाने, लाट ओसरल्यावर झाली. आपल्याकडे मात्र ती तेव्हा चढत होती: १९८० ‘कर्ज’, १९८१ मध्ये ‘अरमान’मधलं उषा उथुपचं ‘रंभा हो’, १९८२ ‘डिस्को डान्सर’. मग बप्पी लाहिरींनी ती लाट मुंबईत, मुंबईच्या वादकांकडून, दर महिन्याला पुरवायला सुरुवात केली. लंडनहून एक गाणं मागवायची गरज कुणाला उरली?

आणि ‘स्टार’ पडला. विनोद पांडेंचा चित्रपट, कुमार गौरव, रती अग्निहोत्री, पद्मिनी कोल्हापुरे, गाणी बिद्दूची. गाणी चालली, चित्रपट नाही. त्या काळात चित्रपट पडला की पार्श्वगायिकेचा पुढचा फोन वाजत नाही. लाट वगैरे नंतर.

ठेका_ताई

पद्मिनीवरून आठवलं. ज्या वर्षी नाझियाला पार्श्वगायनाचा पुरस्कार, त्याच वर्षी पद्मिनीला ‘इन्साफ का तराजू’साठी सहाय्यक अभिनेत्रीचा. दोघींचा जन्म १९६५ चा. एकीचं पुढे मुंबईत रोज शूटिंग, दुसरी लंडनला शाळेत.

पालवी

ताई, मुद्दा हाच. नाझियाने गाणं हा व्यवसाय केलाच नाही. पार्श्वगायिका म्हणून टिकायचं तर मुंबईत राहून दिवसाला दोन-दोन मुद्रणं करावी लागत. ती शिकत होती. व्यवस्थापन, अर्थशास्त्र, पुढे कायदा, आणि नव्वदीच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काम. १९८१ ते १९९२ मध्ये पाच अल्बम. हे उतरत्या कारकिर्दीचं लक्षण नाही, अर्धवेळ गाणाऱ्या माणसाचं आहे.

पाकिस्तानातही सोपं नव्हतं. झिया-उल-हक यांचे दिवस. टीव्हीवर पोरांनी नाचणं खपत नसे, कॅमेरा कमरेच्या वरच राही. डिस्कोची गायिका आणि पाय दाखवायचे नाहीत! तरी ‘यंग तरंग’ला तिथे पहिल्यांदा गाण्यांचे स्वतंत्र व्हिडिओ निघाले. ‘आँखें मिलाने वाले’ त्यातलंच.

रोखठोक

पोचलं. पण मग श्रेय बिद्दूलाच जातं, हा माझा मुद्दा शाबूत. १९९५ ला ‘मेड इन इंडिया’ अलिशा चिनायकडून त्यानेच गाऊन घेतलं. साचा तोच.

मध्यसप्तक

शाबूत नाही हो. ‘मेड इन इंडिया’ आणि ‘आप जैसा कोई’ पाठोपाठ ऐका. अलिशा अभिनय करते, शब्दाला डोळा मारते. नाझिया काहीच करत नाही. एका साच्यातून दोन वेगळ्या मूर्ती निघाल्या तर माती वेगळी म्हणायची की नाही? शिवाय ‘डिस्को दीवाने’ त्या दोघा भावंडांचा आहे, झोहेबच्या चाली आहेत त्यात. आणि त्यात हळू गाणीही आहेत. ज्यांना फक्त धपधप आठवते त्यांनी ‘धुंधली रात में’ किंवा ‘लेकिन मेरा दिल’ ऐकावं. ताल काढून घेतला तरी तो आवाज उभा राहतो की नाही, ते तिथे कळतं.

रोखठोक

ऐकतो. मग भांडू.

सासवडकर

रोखठोकने ‘ऐकतो’ म्हटल्याची तारीख कुणीतरी टिपून ठेवा रे.

तबकडीदास

माझं मत सांगायचं राहिलं होतं, ते वर बरंच आलंय. मंडळं हे गाणं ‘हिंदी चित्रपटगीत’ समजून बसवतात: गायिका पुढे, बाकी साथ. या गाण्यात साथ नाहीच. गळा हे एक वाद्य आहे, हायहॅटएवढंच. ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये २०१२ साली ‘डिस्को दीवाने’ पुन्हा घेतलं तेव्हा नाझियाचा मूळ आवाज त्यात ठेवला. एकतीस वर्षांनंतरच्या बास ड्रमवर तो आवाज जराही उपरा वाटत नाही, कारण तो मुळातच तालाच्या आत बसवलेला आहे.

आता खर्ज यांना एक शंका. ज्या मंडळाकडे डिले नाही, साधा सहा चॅनलचा मिक्सर आहे, त्यांनी काय करायचं?

खर्ज

दोन मुली उभ्या करा. खरं तर डिलेपेक्षा तेच बरं, कारण यंत्र दुसऱ्या वेळीही तंतोतंत तेच म्हणतं, माणूस नाही. आवाजाची जात जवळची हवी, बहिणी असतील तर फारच छान. दोघी एकाच सप्तकात, एकच चाल, खालचा-वरचा सूर लावायचा नाही. दुसरीची पातळी पहिलीपेक्षा कमी, इतकी की ती थांबली तरच कळावं.

एक गोष्ट घोटून घ्या: दुसरीने शब्दांची शेवटची व्यंजनं गिळायची. ‘आप’चा ‘प’ पहिलीनेच म्हणायचा, दुसरीने ‘आ’वर सोडायचं. दोन ‘प’ कधीच एका क्षणी पडत नाहीत, ‘प-प’ ऐकू येतं आणि गुपित फुटतं. आणि दोघींनी एकमेकींकडे बघून नाही, हायहॅटकडे कान ठेवून गायचं.

मध्यसप्तक

+१. आणि तयारीची गायिका दुसऱ्या जागी, कच्ची पहिल्या जागी. उलट केलंत तर मुरक्या परत येतील.

ठेका_ताई

हे सांगायला जाल तेव्हा घरी सांगून जा.

ढोलताशा

सगळं वाचलं. दोन गायिका, हायहॅट, टोचणारा बेस, तीन तारांची गिटार. मी काय करू? घरी बसू?

चौथाठोका

टॅम्बोरिन घ्या. फक्त दोन आणि चारवर.

ढोलताशा

मध्ये एखादी तिहाई?

चौथाठोका

नाही.

ढोलताशा

शेवटी तरी?

चौथाठोका

ते गाणं शेवटी हळूहळू विरत जातं. तिहाई कशावर घेणार?